शब्दवेध : कोरोनरी

साथीने घरोघरी पोचवलेला ‘कोरोना’ हा मूळचा लॅटिन शब्द. अर्थ, डोक्यावर घालायचं फुलापानांचं कडं, मुकुट. ‘कोरोनरी’ त्यातूनच आला. महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या डाव्या-उजव्या धमन्या हृदयाच्या खाचेतून कड्यासारख्या वळतात, म्हणून हे नाव.

काहींचं हे कडं जन्मतःच अपुरं असतं. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू पीट मॅराविच याला डावी कोरोनरी नव्हतीच. आकाराने वाढलेली उजवी एकटीच सगळं हृदय पोसत होती. त्या एकीच्या जिवावर तो एनबीएत दहा हंगाम धावला, केवढी ही कमाल! ५ जानेवारी १९८८ला कॅलिफोर्नियात, एका चर्चच्या जिममध्ये साधा मैत्रीचा सामना खेळताना तो कोसळला. वय ४०. हळहळ वाटते ती याची, की दोष उघड झाला तो शवविच्छेदनात.