देवाची शिवी कशी झाली? ‘पेर्केले’ या फिनिश शब्दाची कथा

१/ कडाक्याच्या थंडीत वैतागलेला फिनिश माणूस ‘पेर्केलेन क्युल्मॅ’ म्हणतो, म्हणजे ‘भयंकर थंडी’. शब्दशः अर्थ मात्र ‘सैतानाची थंडी’. ‘पेर्केले’ ही फिनिशमधील सर्वांत जहाल शिव्यांपैकी एक. तिला षष्ठीचा ‘न’ प्रत्यय लागला की ती ‘अतिशय’ या अर्थाने वापरता येते. शिष्ट बैठकीत मात्र नव्हे.

२/ हा शब्द मुळात फिनिश नसावा. फिनिश भाषा उरालिक कुळातील, तर लिथुआनियन व लाटवियन या बाल्टिक भाषा संस्कृतप्रमाणे इंडो-युरोपीय कुळातील. इसवी सनापूर्वी बाल्टिक समुद्राकाठी या दोन्ही कुळांतील लोक शेजारी होते. त्या शेजारातून ‘सिल्ता’ (पूल), ‘किर्वेस’ (कुऱ्हाड), ‘हम्मास’ (दात) असे साधे, रोजचे शब्द फिनिशमध्ये आले.

३/ त्यांच्याबरोबर एक देवही आला. लिथुआनियन लोकांचा ‘पेर्कूनस’ हा मेघगर्जनेचा आणि विजेचा देव. ‘पेर्केले’ त्याच्याच नावावरून आला, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

४/ मग फिनलंडमध्ये ख्रिस्ती धर्म आला. जुने देव नव्या धर्मात सैतान ठरले. १६४२ साली छापलेल्या पहिल्या संपूर्ण फिनिश बायबलमध्ये येशूला मोह घालणारा सैतान ‘पेर्केले’ या नावानेच येतो. १९३८ च्या अनुवादातही तो शब्द टिकला. तोवर लोकांच्या तोंडी त्याची शिवी झालेली होती. १९९२ च्या अनुवादात त्या जागी ‘पाहोलाइनेन’ हा सौम्य शब्द आला.

५/ सैतानाचे नाव ‘अतिशय’ या अर्थाने का वापरले जावे? ज्याची भीती सर्वाधिक, तेच मोठेपणाचे माप ठरते. मराठीत ‘गाणे भयंकर आवडले’ म्हणताना कोणाला भय वाटत नाही. तसेच ‘पेर्केलेन हुवॅ’ म्हणजे ‘जबरदस्त चांगले’. त्यात सैतान उरत नाही.

६/ ऋग्वेदातील पर्जन्यदेव आणि पेर्कूनस यांची नावे एकाच मुळाची असावीत, असा तर्क एकोणिसाव्या शतकापासून मांडला जातो. मात्र ‘क’ आणि ‘ज’ या ध्वनींचा मेळ नियमाने बसत नसल्याने तो सिद्ध झालेला नाही.

७/ पराभूत धर्माचे ग्रंथ आणि देवळे शोधूनही सापडतीलच असे नाही. अशा वेळी इतिहासकाराला शिव्यांचाही कोश उघडावा लागतो. विजेच्या देवाचा तेथील माग बहुधा त्यातच उरला आहे.