जोधपूर : दगड, चुना आणि नावं

जोधपूरला बदली झाल्याचं घरी फोनवर सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "तिकडं पाणी तरी मिळतं का रं?" पाणी मिळतं. थारच्या कडेला वसलेलं हे राजस्थानातलं जयपूरनंतरचं सगळ्यात मोठं शहर. इथं आल्यापासून गावाकडचे मित्र आणि पाव्हणे एकच विचारतात, "तिकडं बघायला काय काय आहे?" म्हणून हा लेख. पण ही यादी मी एकट्याने केलेली नाही. दिवाळीनंतर आई-आबा महिनाभर क्वार्टरवर राहायला आले होते. आबांची सगळी हयात गवंडीकामात गेली. माणूस पर्यटक म्हणून येतो तेव्हा वर बघतो, गवंडी भिंतीजवळ जाऊन सांध्यात नख घालतो. त्यांच्यामुळे हे शहर मला नव्याने दिसलं.

सुरुवात अर्थातच मेहरानगडापासून. शहरात कुठंही उभं राहा, गड दिसतोच. राठोडांची जुनी राजधानी मंडोर इथून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. तिथल्या बागेत जुन्या राजांच्या दगडी छत्र्या आहेत, त्याही बघण्यासारख्या. मंडोर संरक्षणाला अपुरं वाटलं म्हणून राव जोधाने १२ मे १४५९ रोजी या उंच खडकावर नव्या गडाचा पाया घातला. गडाचा बराचसा दगड याच डोंगराचा, त्यामुळे डोंगर कुठे संपतो आणि तट कुठे सुरू होतो ते लांबून कळत नाही.

तटाखाली उभं राहून आबांनी मान वर केली आणि विचारलं, "बांधला कुणी?"

"राव जोधाने."

"त्यानं बांधून घेतला. बांधला कुणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एक नाव गडावरच सापडतं. या डोंगरावर चिडियानाथ नावाचा एक साधू राहत होता. त्याला उठवलं म्हणून त्याने इथं कायम पाण्याचा दुष्काळ पडेल असा शाप दिला, अशी कथा आहे. त्या शापावर उतारा म्हणून पायात एक जिवंत माणूस गाडला गेला. तो राजाराम मेघवाल. तो स्वखुशीने तयार झाला असं परंपरा सांगते, आणि त्याच्या वंशजांना जमीन दिली गेली. गडावर त्याच्या नावाचं स्मारक आहे. स्वखुशीने म्हणजे नेमकं कसं, हे पाचशे वर्षांपूर्वी त्याला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. हुकमाला 'होय साहेब' म्हणण्यात आपली खुशी किती आणि शिस्त किती, हे वर्दीतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

गडाला एकापाठोपाठ एक दरवाजे आहेत. त्यांना पोळ म्हणतात. डेढ कांगरा पोळीजवळ तोफगोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. वाटेवर कीरतसिंह सोढा नावाच्या शिपायाची छत्री आहे. जयपूरच्या फौजेशी गड लढवताना तो याच जागी पडला. राजाची नव्हे, शिपायाची छत्री, आणि तीही गडाच्या वाटेवर. मी सॅल्यूट केला. बाजूचा गाईड हसला, हसू दे. पुढे लोहापोळीच्या भिंतीवर सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत. आई त्या लहान लहान पंजांपुढे बराच वेळ उभी राहिली. काही बोलली नाही.

आतले महाल आता संग्रहालय आहेत. अंबाऱ्या, पालख्या, तलवारी, लघुचित्रं, सगळं नीट मांडलेलं आहे. फूलमहाल तर सोन्याने मढवल्यासारखा. तो महाराजा अभयसिंहाने अठराव्या शतकात बांधला. हा अभयसिंह आपल्या इतिहासातही भेटतो. बादशहाने त्याला गुजरातचा सुभेदार केलं होतं. १७३२ मध्ये डाकोरला वाटाघाटींच्या वेळी त्याच्या माणसांनी पिलाजीराव गायकवाडांचा दग्याने खून केला. मारवाडशी आपलं हे वैर पुढेही चाललं. १७५५ मध्ये नागौरच्या वेढ्यात जयाप्पा शिंदेही असेच, छावणीत मारेकरी घालून मारले गेले. नागौर इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे.

आबांना मात्र सोन्यात रस नव्हता. ते चुन्याकडे बघत होते. "एवढा चुना भाजायचा म्हंजे भट्ट्या किती लागल्या असतील! वाळवंटात त्यास्नी लाकूड मिळालं कुठनं?"

या प्रश्नाचं उत्तर जोधपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. दुसऱ्या रविवारी आम्ही तिथं गेलो. गावाचं नाव खेजडली. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. इथल्या माणसाला ती वर्षभर जगवते. पाला जनावरांना, शेंगा भाजीला, सावली सगळ्यांना. हे गाव बिष्णोईंचं. १४८५ मध्ये जांभोजींनी हा पंथ स्थापन केला आणि एकोणतीस नियम घालून दिले. हिरवं झाड तोडायचं नाही, हा त्यातला एक.

१७३० मध्ये अभयसिंहाच्या नव्या महालाच्या कामासाठी चुन्याच्या भट्ट्यांना लाकूड हवं होतं. दरबाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन या गावात आली. अमृतादेवी नावाची बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिला झाडाबरोबर तोडलं. मग तिच्या तीन मुलींना. बातमी पसरली तशी आसपासच्या गावांतली माणसं येत गेली आणि एकेका झाडाला बिलगत गेली. बाया, पुरुष, म्हातारे, जवान मिळून ३६३ जण मेले. तेव्हा कुठे राजाने काम थांबवलं आणि बिष्णोईंच्या गावात झाड तोडायला बंदी घातली. आज तिथं स्मारक आहे, भाद्रपद शुद्ध दशमीला मेळा भरतो. वन्यजीवांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारचा एक पुरस्कार अमृतादेवीच्या नावाने दिला जातो. गडावर दिवसभर झुंबड असते. खेजडलीत त्या रविवारी आम्ही तिघं आणि काही मोर, एवढेच होतो.

कुऱ्हाड ज्यांच्या हातात होती तेही हुकमाचेच ताबेदार होते. हा विचार परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यातून जाईना. एक, दोन, दहा इथवर समजू शकतो. तीनशे त्रेसष्टपर्यंत हात चालत कसा राहिला?

याच मारवाडात हुकमापेक्षा शब्द मोठा मानणारा एक माणूस झाला, दुर्गादास राठोड. शहरातल्या मसूरिया टेकडीवर त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. संध्याकाळी तिथून शहर फार छान दिसतं. १६७८ मध्ये महाराजा जसवंतसिंह वारले आणि औरंगजेबाने मारवाड खालसा केलं. जसवंतसिंहांच्या मागे जन्मलेल्या अजितसिंहाला दुर्गादास आणि त्याच्या साथीदारांनी दिल्लीतून सोडवलं आणि वर्षानुवर्षं त्याच्यासाठी लढाई चालू ठेवली. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याला घेऊन १६८१ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला तोही दुर्गादासच. सुधागडाजवळ, पालीच्या परिसरात त्यांचा मुक्काम होता. काही वर्षं या वाळवंटातल्या माणसाने कोकणातला पाऊस बघितला असेल! १७०७ मध्ये औरंगजेब मेला, अजितसिंहाला जोधपूर मिळालं. पुढे त्याच अजितसिंहाशी बिनसलं आणि दुर्गादासाला मारवाड सोडावं लागलं. १७१८ मध्ये तो उज्जैनला, क्षिप्रेच्या काठी वारला. ज्या गडासाठी आयुष्य घातलं, त्याच्या सावलीत शेवटचे दिवस काढणं काही त्याच्या नशिबात आलं नाही.

शेवटी उमेदभवन. आई-आबा जायच्या दोन दिवस आधी गेलो. ३४७ खोल्यांचा हा प्रचंड राजवाडा महाराजा उमेदसिंहांनी बांधला. आराखडा लँचेस्टर या इंग्रज वास्तुविशारदाचा. १९२९ मध्ये पाया घातला आणि १९४३ मध्ये काम पुरं झालं. आता अर्ध्याहून अधिक भागात हॉटेल आणि राजघराण्याचं निवासस्थान आहे. आपल्यासारख्यांनी संग्रहालय आणि जुन्या मोटारी बघायच्या.

आबांनी भिंतीवरून बोटं फिरवली. दगडात दगड खाचेत बसवलेला, मधे चुना नाही. "दरज भरायलाच लागली नाही बघ," ते म्हणाले. "कुणाचा हात असंल हा!"

मी वाचलेलं सांगितलं. त्या काळात मारवाडात सलग दुष्काळ पडला होता. लोकांना काम आणि दाणा मिळावा म्हणून हे बांधकाम काढलं. दोन-तीन हजार माणसं इथं वर्षानुवर्षं राबत होती.

"म्हंजे दुष्काळी काम," आबा म्हणाले आणि गप्प झाले. बाहेर बाकावर बसल्यावर पुन्हा बोलायला लागले. १९७२ च्या दुष्काळात ते पंधरा वर्षांचे होते. दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची. दुपारी सुकडी मिळायची, त्यातली अर्धी फडक्यात बांधून धाकट्या भावाला न्यायची. त्याच कामावर एका म्हाताऱ्या गवंड्याने त्यांच्या हातात पहिल्यांदा थापी दिली.

"कुठलं काम होतं?"

"आपला पाझर तलावच की. तुला ठावं न्हाई व्हय?"

ठाऊक नव्हतं. त्या तलावात मी पोहायला शिकलो. भरतीच्या तयारीला रोज पहाटे त्याच्या बांधावरून धावलो. बांधाच्या टोकाला पांढरा दगड आहे, त्याच्यावर उद्घाटन करणाऱ्याचं नाव आहे.

आई-आबा गेले. आता कुणी पाव्हणा आला की मी त्याला आधी खेजडलीला नेतो, मग गडावर. सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली बरोबर ठेवा, आणि गडाच्या वाटेवर कीरतसिंहाच्या छत्रीपाशी दोन मिनिटं थांबा.