‘पाळणे’ आणि ‘दया’ : शालेय प्राणिशिक्षणाची पूर्वपीठिका

मराठीतील ‘पाळणे’ हे क्रियापद संस्कृत ‘पाल्’ या धातूपासून आले असून त्याचा मूळ अर्थ रक्षण करणे असा आहे. वचन पाळणे, पथ्य पाळणे, कुत्रे पाळणे या तिन्ही प्रयोगांत स्वतःवर बंधन घेतल्याचा भाव आढळतो. मालकीचा अर्थ त्यांत मुळात नाही.

सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी घरांत हे बंधन मुलाला व्याख्यानाने शिकवीत नसत. वैरण टाकणे, पाणी दाखवणे, शेण काढणे ही कामे त्याच्या वाट्याला येत. अक्कलकोटकडील कन्नडभाषी गावांत कारहुणवीला, इतरत्र बेंदराला वा पोळ्याला बैलाचे खांदे मळताना जू घासून कातडे कोठे सोलले आहे हे त्याच्या हाताला कळे. राखोळीला दिलेल्या जनावराचा धनी एक व राखणारा दुसरा. तरी ते उपाशी राहिल्यास जाब राखणाऱ्यालाच विचारीत. (या जीवनाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. पराणी टोचणेही मूल त्याच गोठ्यात शिके.)

१८९० च्या कायद्याचा भर क्रौर्याबद्दल शिक्षा करण्यावर होता. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या प्रयत्नांनंतर आलेल्या १९६० च्या कायद्याने, प्राणी ज्याच्या निगेत वा ताब्यात असेल अशा प्रत्येकावर त्याच्या सुस्थितीची जबाबदारी टाकली. राखोळीचे तत्त्व याहून फारसे निराळे नव्हते. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हाही गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र ५० रुपयांपर्यंतच ठेवला. लोकशिक्षणाचे काम प्राणिकल्याण मंडळाकडे आले. त्याची साधने म्हणून व्याख्याने, पुस्तके, भित्तिपत्रके व चित्रपट यांचा उल्लेख कायद्यात आहे.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य झाले व पुढे ते पाठ्यपुस्तकांच्या आरंभीच्या पानांवर छापले गेले. येथे शब्दाची निवड लक्षणीय आहे. दया ही वृत्ती होय. तिच्यात वेळापत्रक नसते. गोठा न पाहिलेल्या शहरी मुलाच्या घरी आज कुत्रे आहे. त्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी लागते, हे ‘दयाबुद्धी’ या शब्दातून त्याला कळावयाचे नाही. चावा लागल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा, हेही नाही. पोटात १४ इंजेक्शने घ्यावी लागणारी जुनी लस भारतात २००५ च्या सुमारास वापरातून गेली. तिची धास्ती मात्र बोलण्यात टिकून आहे, आणि त्या धास्तीने मूल चावा घरी सांगतच नाही.