जावातील ‘कंपायलर’ क्लासची अखेर

सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे आयुष्य दशकांनी मोजले जाते, आणि त्यांच्या नियंत्रणासाठी वा भांडारातील नोंदींसाठी एकदा बसवलेली संगणकप्रणालीही चालते तोवर सहसा बदलली जात नाही. म्हणून ती प्रणाली ज्या भाषेत लिहिलेली असते त्या भाषेतून जुनी सोय कशी काढली जाते, हा तेथील रोजच्या कामाशी निगडित प्रश्न ठरतो.

अशीच एक भाषा म्हणजे जावा. जानेवारी 1996 मध्ये तिची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासूनच तिच्यात ‘कंपायलर’ नावाचा क्लास, म्हणजे प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार घटक, होता. जावाचा प्रोग्रॅम आधी बाइटकोड या मधल्या रूपात उतरतो. चालत असतानाच त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या भागाला जस्ट-इन-टाइम कंपायलर म्हणतात. असा कंपायलर बाहेरून जोडता यावा, यासाठी हा क्लास केवळ राखीव जागा म्हणून ठेवला होता. कंपायलर जोडलेला नसेल तर त्याची ‘कंपाइलक्लास’ ही मेथड, म्हणजे क्लासला सांगता येणारी कृती, नकारार्थी उत्तर देई, आणि ‘एनेबल’ व ‘डिसेबल’ काहीच करीत नसत. त्या काळी कंपायलर चालू असताना प्रोग्रॅम कोलमडला, तर त्रुटीच्या नोंदीत ओळीच्या क्रमांकाऐवजी ‘कंपाइल्ड कोड’ एवढेच शब्द उमटत. त्यामुळे दोष शोधणारे कंपायलर बंद करून प्रोग्रॅम पुन्हा चालवीत.

1999 मध्ये आलेल्या हॉटस्पॉट या जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेने कंपायलर स्वतःतच सामावून घेतला, आणि तिच्यात या मेथड निरुपयोगी ठरल्या. तरीही या क्लासवर ‘डेप्रिकेटेड’, म्हणजे ‘यापुढे वापरू नये’, असा अधिकृत शिक्का 2017 मधील नवव्या आवृत्तीतच, ‘काढली जाणार’ या स्पष्ट सूचनेसह, बसला. सप्टेंबर 2023 मधील एकविसाव्या आवृत्तीत क्लासच गेला. सहा वर्षांची पूर्वसूचना न्याय्यच म्हणावी लागेल, पण त्याआधीचे दीर्घ मौन समर्थनीय नाही.

शिवाय हा इशारा प्रोग्रॅम नव्याने कंपाइल करतानाच दिसतो, आणि कारखान्याच्या हाती बहुधा मूळ संहिता नसून तयार जार फाइलच, म्हणजे आधीच कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमची फाइल, असते. ती फाइल एकविसाव्या आवृत्तीवर चालवली, की संबंधित ओळीपाशी क्लास सापडत नसल्याची चूक येऊन काम थांबते. नवव्या आवृत्तीसोबत आलेले ‘जेडेप्रस्कॅन’ हे साधन मात्र मूळ संहितेविनाही जार फाइल तपासून असे वापर आधीच दाखवू शकते.