भांदक बघण्यासारखं आहे का?

ऑफिसातला एक मित्र सहकुटुंब ताडोब्याला चाललाय. जंगल सफारी बुक झाली, रिसॉर्ट झाला, आणि नागपूरहून येताना अर्धा दिवस मोकळा उरतो म्हणून त्याने मला (मी मूळचा चांद्याचा, म्हणून) विचारलं, "वाटेत ते भद्रावती लागतं ना, प्राचीन राजधानी वगैरे? बघण्यासारखं आहे का रे?" दोन शब्दांत उत्तर द्यायचं होतं. चार दिवस झाले, अजून दिलेलं नाही.

मंडळी, अडचण अशी आहे की या गावाबद्दल मी लहानपणापासून एकच वाक्य ऐकत आलोय. बाबा शिक्षक होते. घरी पाहुणा आला की चहाआधी ते वाक्य यायचं: "ह्यूएन त्संग सन ६३९ मध्ये आपल्या भांदकला आला होता." मी स्वतः सातवीच्या निबंधात ते लिहून दहापैकी नऊ मार्क मिळवलेत.

आता वाक्य कुठून आलं ते बघा. हा चिनी यात्रेकरू लिहितो की कलिंगाहून वायव्येला १८०० ली गेलं की कोसल देश लागतो. राजधानीचा घेर ४० ली, देशात सुमारे १०० विहार, दहा हजारांना थोडे कमी भिक्षू. राजधानीचं नाव मात्र देत नाही! इथेच सगळी गंमत आहे. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज विद्वान नकाशा आणि कंपास घेऊन बसले आणि ज्याला जे जमलं ते त्याने जमवलं. फर्ग्युसनने वैरागड म्हटलं, म्हणजे आताच्या गडचिरोलीतलं. कनिंगहॅमने १८७१ च्या पुस्तकात चांद्याला कौल दिला, कारण चांद्याच्या परकोटाचा घेर त्या ४० लींशी जुळत होता. परकोट गोंड राजांचा, म्हणजे यात्रेकरूनंतर कित्येक शतकांनी बांधलेला! आम्ही याला ऑफिसात 'आउटपुट बघून टेस्ट केस लिहिणं' म्हणतो. :) पुढे १८७३-७४ च्या दौऱ्यात त्याने भांदक पाहिलं, तिथली बौद्ध लेणी आणि अवशेष पाहिले, आणि कौल भांदककडे आला. गॅझेटियरमध्ये गेलं, तिथून शाळेत, तिथून बाबांकडे.

याला आणखी एक टेकू होता. राजा भवदेव रणकेसरीचा एक शिलालेख भांदकचा समजला जायचा. सूर्यघोष नावाच्या राजाचा मुलगा महालावरून पडून गेला, त्या दुःखात राजाने बुद्धमंदिर बांधलं आणि पुढे भवदेवाने ते दुरुस्त केलं, असा त्याचा आशय. बौद्ध राजधानीला याहून चांगला पुरावा कोणता? पण म. म. वा. वि. मिराशींनी तो लेख मुळात छत्तीसगडमधल्या आरंगचा असल्याचं दाखवलं. तिकडेच महानदीकाठी सिरपूरला १९५० च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी उत्खनन केलं आणि सातव्या शतकाच्या आसपासचे विहार निघाले. आज बऱ्याच अभ्यासकांचा कल यात्रेकरूची राजधानी सिरपूर मानण्याकडे आहे. थोडक्यात काय, तर आमच्या बोर्डावरचं मुख्य नावच गेलं. महाभारतातल्या श्यामकर्ण घोड्याची भद्रावती ती हीच, असंही गावात सांगतात, पण त्या घोड्यावर इतर गावंही हक्क सांगतात. असो.

मग उरलं काय? हे वाचून झाल्यावर मी गेल्या दिवाळीत मुद्दाम जाऊन आलो, जरा रुसूनच म्हणा ना.

विजासनची टेकडी गावाला लागूनच आहे. मुख्य लेणं म्हणजे डोंगरात सरळ घुसलेली बोळ, सुमारे सत्तर फूट. वेरूळची भव्यता नाही, नक्षी जवळजवळ नाहीच. दारातून आत गेलं की दहा पावलांत उजेड संपतो, वटवाघळांचा वास येतो, आणि शेवटाला बसलेला बुद्ध. डाव्या-उजव्या हाताला काटकोनात आणखी दोन लेणी आणि तिथेही बुद्धच. माझ्या पुढे एक म्हातारी बाई होत्या, नातवाचा खांदा धरून. त्यांनी मेणबत्ती लावली, वंदन केलं, पायाजवळचं मेण नखाने खरवडून पदरात घेतलं आणि नातवाला म्हणाल्या, "चाल आता, गाडी चुकन." १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली, तेव्हापासून आमच्या भागातल्या हजारो घरांचं या टेकडीशी नातं आहे. त्यांना कनिंगहॅमची चिठ्ठी लागत नाही.

डोलारा तलावावरचा दगडी पूलही बघा. कमान नाही. खांबांच्या दोन रांगा, वर जाडजूड दगडी तुळया, की झाला पूल. इतका साधा हिशोब आणि अजून उभा. (आम्ही मागच्या वर्षी लिहिलेला कोड या मार्चमध्ये फेकला.) भद्रनागाच्या देवळात नागपंचमीला पाय ठेवायला जागा नसते. जैन मंदिर मोठं, स्वच्छ, विसाव्या शतकात पुन्हा उभारलेलं. पार्श्वनाथांची मूर्ती मात्र जुनी. इथेच सापडलेला राष्ट्रकूट कृष्णराजाचा ताम्रपट शके ६९४ चा, म्हणजे सन ७७२ चा आहे. म्हणजे ह्यूएन त्संग नसेना का आला, गाव तेव्हाही काहीतरी होतं. बाकी तटबंदी, राजवाडा, 'हे दरबाराचं दालन' असलं काही शोधाल तर पस्तावाल. कोळशाच्या ट्रकांची धूळ मात्र भरपूर मिळेल.

तर मित्राला काल रात्री अखेर लिहिलं: हंपीसारखं शहर डोक्यात असेल तर थेट जंगल गाठ. नसेल तर थांब. मे महिन्यात मुळीच नको, चांद्याचा उन्हाळा तुला माहीत नाही. सकाळी लवकर, टॉर्च घेऊन. आधी लेणं, मग पूल.

बाबांनाही फोन केला. सिरपूरचं सगळं सांगितलं, अगदी मिराशींसकट. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काऊन रे, मी ते वाचलं नसंल असं वाटते का तुले?" आणि लगेच पुढे, "मित्र कधी येऊन राहिला तुझा? मी जातो त्याच्यासंगं. त्याले कोण दाखवन?"

म्हणून मित्राला आणखी एक ओळ पाठवली. बाबा सोबत येतील, लेण्याच्या दारात ते ६३९ म्हणतील, तेव्हा मध्ये बोलू नकोस.