संगणकाबाहेरची पेटी: घरगुती चित्रसंपादनाचा विसरलेला पाया

१/ घरगुती चित्रपटांचा इतिहास सांगताना कॅमेऱ्याचे नाव घेतले जाते, सॉफ्टवेअरचे घेतले जाते. संगणकाशेजारी गुणगुणत पडलेल्या लहानशा पेटीचे, म्हणजे एक्स्टर्नल हार्ड डिस्कचे, नाव सहसा कोणी घेत नाही. या पेटीवाचून सामान्य माणसाला संपादक होणे अवघड होते. ते का, हे या धाग्यात पाहू.

२/ १९८० च्या दशकात घरी संपादन करायचे तर दोन व्हीसीआर लागत. एकावर कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवी तेवढीच दृश्ये उतरवून घ्यायची. प्रत्येक नव्या प्रतीत चित्र अधिक फिकट होई. मधले एखादे दृश्य लांबवायचे झाल्यास पुढचे सारे काम पुन्हा करावे लागे. कारण फितीवर दृश्ये एकापाठोपाठ एकच असतात.

३/ डिस्कवर मात्र कोणत्याही दृश्याकडे थेट जाता येते. हे तत्त्व १९७१ मध्येच यंत्रात उतरले होते. सीबीएस आणि मेमोरेक्स या अमेरिकी कंपन्यांच्या भागीदारीतून आलेल्या सीएमएक्स ६०० ला वॉशिंग मशीनएवढे डिस्क-संच जोडलेले असत. एवढे करूनही त्यात मावे ते अर्ध्या तासाच्या आसपासचे, कृष्णधवल आणि कमी दर्जाचे चित्रण. कल्पना तयार होती; जागा नव्हती.

४/ १९९५ मध्ये डीव्ही हे डिजिटल स्वरूप बाजारात आले. आता चित्र म्हणजे निव्वळ आकडे. कितीही प्रती काढा, दर्जा तोच. पण हे आकडे मोठे खादाड होते. सेकंदाला सुमारे ३.६ मेगाबाइट, म्हणजे तासाला जवळजवळ १३ गिगाबाइट!

५/ ऑक्टोबर १९९९ मध्ये ॲपलने आयमॅक डीव्ही आणला. सोबत आयमूव्ही हे संपादनाचे सॉफ्टवेअर होते. संगणकातील डिस्क होती १० गिगाबाइटची. म्हणजे घरगुती संपादनासाठीच विकल्या जाणाऱ्या या यंत्रात तासाभराची एक कॅसेटसुद्धा पूर्ण मावत नसे.

६/ मग बाहेरून डिस्क जोडावी, तर तार पुरेशी वेगवान हवी. तेव्हाच्या यूएसबी १.१ ची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे १.५ मेगाबाइट होती. डीव्हीच्या गरजेच्या निम्मीही नाही. अशा तारेवरून चित्रण अखंड चालणे शक्यच नव्हते.

७/ हा पेच सोडवला फायरवायरने. १९९५ मध्ये मानक म्हणून मान्य झालेली ही जोडणी सेकंदाला ४०० मेगाबिटपर्यंत वाहून नेई. आयमॅक डीव्हीला अशी दोन द्वारे होती. एकाला कॅमेरा, दुसऱ्याला डिस्क. घरातल्या मेजावर संपादनकक्ष उभा राहिला तो असा. पुढे २००० मध्ये आलेल्या यूएसबी २.० ने अशा पेट्या इतर संगणकांनाही सहज जोडता येऊ लागल्या.

८/ डिस्कची क्षमता वाढण्यामागे मूलभूत विज्ञान होते. अल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबेर्ग यांना १९८८ मध्ये स्वतंत्रपणे सापडलेल्या चुंबकीय परिणामामुळे अतिसूक्ष्म नोंदी वाचणे साध्य झाले. १९९७ मध्ये आयबीएमने तो डिस्कमध्ये वापरला. २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

९/ जागा मिळाली तरी अडचणी सरल्या नाहीत. अनेक पेट्यांवर फॅट३२ ही मांडणी असे आणि तिच्यात एक फाइल ४ गिगाबाइटपलीकडे जात नसे. डीव्ही चित्रणाची फाइल वीस मिनिटांच्या आतबाहेर या मर्यादेवर आदळे. पेटी अर्धी रिकामी, तरी चित्रण थांबलेले! उपाय होता तो दुसऱ्या मांडणीने डिस्क फॉरमॅट करण्याचा.

१०/ फितीच्या काळात एक आधार होता. डिस्क बिघडली, तरी मूळ कॅसेट कपाटात असे. पुढे कॅमेरे मेमरी कार्डावर चित्रण करू लागले आणि कार्ड रिकामे करून पुन्हा वापरले जाऊ लागले. तेव्हापासून ही पेटी कामाची जागा न राहता घराचा दफ्तरखाना झाली.

११/ पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल दोन शतकांनंतरही उलगडून वाचता येतात. फिरत्या डिस्कला असे आयुष्य नाही. ती नुसती पडून राहिली तरी बिघडू शकते. आजीचा आवाज, जुन्या वाड्यातले लग्न, हेही उद्याच्या इतिहासाचे कागदच आहेत. त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या जागी ठेवणे हे आजचे दफ्तरदाराचे काम होय.