कृतींतून इंग्रजी: एका अध्यापनपद्धतीचा इतिहास

परभाषा शिकणें म्हणजे पुस्तक पुढ्यांत घेऊन बसणें, ही समजूत फार जुनी आहे. महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालांवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्याचें इंग्रजी करावें, इंग्रजीचें मराठी करावें, चुकेल तेथें सुधारावें, अशी त्या अभ्यासाची रीत. तिच्यामुळें पुष्कळांना शुद्ध लिहितां येऊं लागलें, हें तिचें श्रेय कोणी नाकारणार नाहीं. परंतु याच वाटेनें गेलेल्या हुशार विद्यार्थ्याशीं कोणी इंग्रजींत चार शब्द बोललें, कीं त्याची जीभ टाळूस चिकटे, हेंही तितकेंच खरें. या दुखण्यावर ज्यांनीं हातापायांच्या हालचालींत व खेळांत औषध शोधलें, त्यांचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

मूळ कल्पना जुनीच. मोराव्हियाचे थोर शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस १६५० ते १६५४ या काळांत हंगेरींतील शारोशपताक येथें होते. तेथें त्यांनीं लॅटिनचे पाठ नाट्यरूपानें रचून मुलांकडून करवून घेतले. परंतु या कल्पनेचें शास्त्र बनावयास आणखी दोन शतकें जावीं लागलीं.

फ्रांस्वा ग्वँ या फ्रेंच शिक्षकांना तर ती स्वतःच्या फजितींतून उमगली. जर्मन शिकण्यासाठीं ते हँबर्गला गेले. दहा दिवसांत त्यांनीं व्याकरणाचें पुस्तक आणि २४८ अनियमित क्रियापदें मुखोद्गत केलीं व मोठ्या उमेदीनें व्याख्यान ऐकावयास जाऊन बसले. तों एक शब्द कळेल तर शपथ! मग त्यांनीं शब्दकोश हातीं घेतला आणि ३०,००० शब्द घोकले. तरीही कान बहिरेच राहिले. निराश होऊन घरीं परतल्यावर त्यांनीं पाहिलें, कीं भावंडाचें जेमतेम तीन वर्षांचें मूल मात्र आपली भाषा घडाघडा बोलूं लागलें आहे. त्या मुलाला एकदां पिठाची चक्की पाहावयास नेलें होतें. घरीं येतांच त्यानें लहान लहान पिशव्यांत वाळू भरली, पाण्याच्या धारेवर चाक मांडलें आणि दळणाचा सारा व्यवहार तोंडानें बोलत बोलत करून पाहिला. मूल सुटे शब्द पाठ करीत नाहीं, क्रमानें घडणाऱ्या कृति तें बोलतें, हें ग्वँ यांच्या ध्यानांत आलें. १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत याच तत्त्वावर पाठ रचलेले आहेत. दाराकडे चालणें, थांबणें, हात पुढें करणें, मूठ धरणें, ती फिरविणें, असे एका साध्या क्रियेचे तुकडे पाडून त्यांनीं प्रत्येकास एकेक वाक्य दिलें.

इंग्रजीच्या अध्यापनांत कृतीला पद्धतशीर स्थान दिलें तें हॅरल्ड पामर यांनीं. १८७७ मध्यें लंडनला जन्मलेले पामर १९०२ पासून बेल्जममधील व्हर्व्हिए या गांवीं इंग्रजी शिकवीत असत. १९१४ सालीं जर्मन फौजा शिरल्या, तेव्हां त्यांना मायदेशीं परतावें लागलें. पुढें ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत असतां जपानी शिक्षणतज्ज्ञ सावायानागी यांनीं त्यांस पाचारण केलें, आणि १९२२ सालीं जपानच्या शिक्षणखात्याचे भाषाविषयक सल्लागार म्हणून पामर टोकिओस गेले. दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नेतृत्वाखालीं इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था निघाली, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत भूकंपानें टोकिओ उद्ध्वस्त झालें. तरीही काम थांबलें नाहीं. १९२५ मध्यें पामर व त्यांची कन्या डोरोथी यांनीं ‘इंग्लिश थ्रू ॲक्शन्स’ हें पुस्तक सिद्ध केलें.

या पद्धतीचा वर्ग असा चालतो. ऊठ, दाराकडे जा, पेन्सिल उचल, ती पेटींत ठेव, अशा आज्ञा शिक्षक इंग्रजींत देतो व प्रथम स्वतः करून दाखवितो. मुलें ऐकतात आणि तसें करतात. बोलण्याची सक्ती कोणावर नाहीं. आज्ञा अंगवळणीं पडल्या म्हणजे प्रश्न सुरू होतात. दाराकडे निघालेल्या मुलाला तूं काय करणार, उघडतांना काय करतो आहेस, उघडल्यावर काय केलेंस, असें विचारलें कीं तिन्ही काळ एका दारापाशीं भेटतात. व्याकरणाचें कोष्टक नंतर आलें तरी चालतें.

खेळानें मुलांचें मन रमतें, एवढेंच याचें महत्त्व नव्हे. बोलावयास लावण्यापूर्वीं समजून घेण्याची सवड देणें, हें यांतील खरें मर्म. मुलानें पेन्सिल उचलली, कीं त्याला कळलें हें शिक्षकास दिसतें. त्यासाठीं भाषांतर विचारावें लागत नाहीं, आणि चुकलेल्या उच्चाराला वर्गानें हंसण्याचा प्रसंगही येत नाहीं. तान्हें मूल ‘ये’, ‘दे’, ‘बस’ हे शब्द स्वतः बोलण्याच्या कितीतरी आधीं ओळखत असतें. मातृभाषेंत प्रत्येकास मिळणारी ही सवड परभाषेंत नाकारली, म्हणजे मुलें मुकीं होतात.

जपानांतही ही पद्धत निर्वेधपणें रुजली नाहीं. वरच्या शाळांच्या प्रवेशपरीक्षा भाषांतर व व्याकरण विचारीत. वर्ग मोठे असत. आणि स्वतःलाच बोलण्याचा सराव नसलेल्या शिक्षकांना तासभर इंग्रजींतून वर्ग चालविणें जड जाई. १९३६ सालीं पामर जपान सोडून गेले. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनीं तेथेंच सिद्ध केलेला शब्दकोश १९४२ मध्यें टोकिओस निघाला आणि १९४८ मध्यें ऑक्सफर्डनें प्रसिद्ध केला. अनेक सुशिक्षित मराठी घरांच्या कपाटांत विद्यार्थ्यांसाठीं असलेला जो ऑक्सफर्डचा जाडजूड कोश दिसतो, त्याचें मूळ असें टोकिओच्या त्या संस्थेंत आहे.

पुढें १९६० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनीं आज्ञा व हालचाल यांच्या साह्यानें जपानी आणि रशियन शिकविण्याचे प्रयोग केले, आणि पद्धतीस पुन्हां चालना मिळाली. त्यांच्या पद्धतींत विद्यार्थी तयार झाला म्हणजे आज्ञा देण्याचा मानही त्याच्याकडे येतो. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ खेळलेल्यांना त्यांतील गोडी सांगावयास नको. मात्र या मार्गाला मर्यादाही आहे. पेन्सिल उचलून पेटींत ठेवतां येते. न्याय, संशय, कृतज्ञता हे शब्द तसे उचलतां येत नाहींत. इतर पद्धतींची जोड हवी, हें ॲशर यांनींही मान्य केलें होतें. तेथें वाचन हवें, आणि भाषांतरही हवें.

महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांच्या पहिल्या इयत्तेंत इंग्रजी आलें. सहा वर्षांच्या ज्या मुलाला अद्याप मराठी अक्षरेंही नीट जुळवितां येत नाहींत, त्याला परभाषेचें पुस्तक काय देणार? पण त्याला कान आहेत, हात आहेत, पाय आहेत. तेवढ्या भांडवलावर भाषेचा आरंभ होऊं शकतो, हें या इतिहासानें दाखविलें आहे. परीक्षेनें मात्र पहिल्याच दिवशीं त्याच्याकडे उत्तर मागूं नये.